महाराष्ट्र ओपन टेनिसची दुहेरी: पुण्यात बालेवाडीला कोणी कोणी पाहिली?

पाषाणटेकडी:
रोहन बोपण्णानं १ नोव्हेंबर २०२५ ला निवृत्ती जाहीर केली, तेव्हापासून हा धागा काढायचा होता. आधी दिवाळीचा थकवा, मग लग्नसराई, मग नुसताच आळस. आज मुहूर्त लागला.

सुरुवातीलाच कबुली देतो. २०१९ च्या जानेवारीत मी बालेवाडीचं तिकीट काढलं ते केविन अँडरसनला बघायला. सहा फूट आठ इंचांचा माणूस सर्व्हिस करताना जवळून कसा दिसतो, एवढंच कुतूहल. अँडरसन दिसला, पुढे फायनलला त्यानं कार्लोविचला हरवलंही. पण त्या आठवड्यातलं आज काही आठवत असेल तर ती दुहेरीची उपांत्यपूर्व फेरी. एका बाजूला बोपण्णा आणि दिविज शरण, दुसऱ्या बाजूला लिअँडर पेस आणि मेक्सिकोचा रेयेस-वारेला. ६-७, ६-४ आणि तिसऱ्या सेटऐवजी सुपर टायब्रेक १७-१५.

सतरा-पंधरा! दहापर्यंतचा टायब्रेक, फक्त दोनचा फरक लागतो! माझ्या शेजारी एक आजोबा होते, ते प्रत्येक गुणाला डोळे मिटायचे आणि मग मला विचारायचे, "कुणाचा?" गंमत म्हणजे कुणाचा गुण व्हावा असं त्यांना वाटत होतं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. अख्ख्या स्टेडियमची तीच अवस्था. पेसच्या व्हॉलीला टाळ्या, बोपण्णाच्या सर्व्हिसलाही टाळ्या.

घरी येऊन हिशेब केला. ९-९ नंतर एकाआड एक गुण मॅच पॉइंट. म्हणजे सहा मॅच पॉइंट वाचले, सातवा लागला.

तर पुण्यात २०१८ ते २०२३ या काळात पाच वेळा ही स्पर्धा झाली (२०२१ कोविडनं खाल्लं). त्यातली दुहेरी कोणी पाहिली? काय आठवतंय? स्कोअर सगळ्या साइटवर मिळतात, मला आठवणी हव्यात. आणि माझं एक ठाम मत आहे: पुण्यात खरी स्पर्धा दुहेरीचीच झाली, एकेरी तिच्या नावावर तिकिटं विकत होती.

हिशेबनीस:
छान धागा. एक दुरुस्ती. ९-८ हासुद्धा मॅच पॉइंटच, पुढचा गुण मिळाला तर १०-८, खेळ खलास. म्हणजे किमान सात वाचले आणि आठवा लागला. शिवाय एकूण गुण ३२. टायब्रेकमध्ये दर ६ गुणांनी बाजू बदलतात, म्हणजे चौघांनी पाच वेळा कोर्ट ओलांडलं असणार. तुमचे आजोबा तेवढ्या वेळा तरी डोळे उघडून बसले असतील.

पाषाणटेकडी:
हिशेबनीस, दंडवत. आयडी सार्थ आहे.

कोपऱ्यातला_कप:
ठाम मताला ठाम विरोध. रागावू नका, पण दुहेरी म्हणजे एकेरीत ज्यांची डाळ शिजली नाही त्यांचा खेळ. दोन तास बघा, चार फटक्यांच्या वर रॅली जात नाही. सर्व्हिस, रिटर्न, व्हॉली, हाय-फाय. प्रत्येक गुणानंतर ते दोघं जाऊन काय कुजबुजतात देव जाणे. टीव्हीवर मी तरी चॅनेल बदलतो.

पाषाणटेकडी:
त्याच वर्षी एकेरीच्या फायनलचे तिन्ही सेट टायब्रेकरला गेले होते. एक सहा फूट आठ, दुसरा सहा फूट अकरा. तिथे किती रॅली मोजल्यात ते सांगा की.

कोपऱ्यातला_कप:
हा मुद्दा मान्य.

जुना_लाकडी:
कप यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. मी क्लबपातळीवर चाळीस वर्षं दुहेरी खेळलोय, लाकडी रॅकेटपासून. पराक्रम शून्य, पण गुडघे आणि मतं दोन्ही कमावली.

टीव्हीवर दुहेरी बघवत नाही याचं कारण कॅमेरा. तो बेसलाइनच्या मागे उंचावर असतो आणि चेंडूच्या मागे धावतो. दुहेरीत महत्त्वाची गोष्ट चेंडूपासून लांब घडत असते. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार नेटपाशी उभा असतो, त्याचा हात पाठीमागे. बोटांनी काहीतरी सांगतोय: मी कापायला जाणार, मी इथंच राहणार, मी जायचं नुसतं नाटक करणार. प्रत्येक जोडीच्या खुणा वेगळ्या. आता रिटर्न मारणाऱ्याच्या जागी जा. समोरून सर्व्हिस येतेय, तिच्याकडे बघायचं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तो नेटवरचा हलतो का तेही बघायचं. त्यानं अर्धं पाऊल टाकलं की तुमचं मन बदलतं, मन बदललं की मनगट बदलतं आणि चेंडू नेटमध्ये. कागदावर लिहिलं जातं "रिटर्नची चूक". ती चूक नेटवरच्यानं चेंडूला हातही न लावता करवलेली असते.

कबड्डीत कोपऱ्यातल्या दोघांची साखळी असते ना, तसंच. पकड एकाच्या नावावर, पण चढाईवाल्याला ज्यानं आत ओढलं तो दुसराच.

आणि तुम्ही म्हणता ती कुजबुज: पुढची सर्व्हिस कुठे पडणार आणि कोण कुठे जाणार, हे आधी ठरलं नाही तर ३६ फूट रुंद कोर्ट दोघांना पुरे पडत नाही. एकेरीचं २७ फूट. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या वाढतात. वरवर वाटतं की माणसं दुप्पट आणि जागा थोडीच जास्त, म्हणजे सोपं. उलट कोन उघडतात आणि मधली जागा "तुझा की माझा" यात जाते. बालेवाडीत पहिल्यांदा खाली बसून बघितलं तेव्हा मलाही नव्यानं कळलं की हे लोक मधला चेंडू कधीच सोडत नाहीत. आमच्या क्लबात निम्मे गुण तिथेच जातात आणि उरलेली संध्याकाळ त्यावरच्या भांडणात.

शेवगा:
काका, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. डावखुऱ्यांबद्दल पण लिहा ना. दिविज डावखुरा होता.

जुना_लाकडी:
हो, ते राहिलंच. एक उजवा, एक डावा अशी जोडी असली की प्रतिस्पर्ध्याला प्रत्येक सर्व्हिस गेमला चेंडूची फिरकी उलटी मिळते. सवय लागेपर्यंत सेट संपतो. शिवाय ॲड कोर्टवर, म्हणजे आपल्या डाव्या अर्ध्यात, डावखुरा उभा केला की दोघांचे फोरहँड कडेला येतात, बाहेर जाणारी सर्व्हिस पोचते. तोटा: मध्ये दोन बॅकहँड. बोपण्णाची सर्व्हिस आणि दिविजचे रिटर्न हे गणित आधीच जमलं होतं, २०१८ च्या आशियाई खेळांत दोघांनी दुहेरीचं सोनं आणलं. पुण्यातलं विजेतेपद त्यानंतर चारेक महिन्यांनी.

अड्यारकाठ:
चेन्नईतून लिहितोय, पंधरा वर्षं इथे. पुणेकरांनो, ही स्पर्धा मुळात आमची. १९९६ ला दिल्लीत सुरू झाली, १९९७ पासून २०१७ पर्यंत नुंगमबाक्कमला. पेस-भूपती जोडीनं इथे पाच वेळा दुहेरी जिंकली: १९९७, ९८, ९९, २००२ आणि मग एवढी वर्षं, एवढी भांडणं झाल्यावर २०११. शेवटच्या वर्षी, २०१७ ला, फायनलमध्ये चारही भारतीय होते. बोपण्णा-जीवन नेदुनचेळियन विरुद्ध पुरव राजा-दिविज शरण. बोपण्णा-जीवन जिंकले.

पाषाणटेकडी यांच्या मताला इथून जोरदार पाठिंबा. एकेरीत आम्ही परदेशी पाहुण्यांना टाळ्या वाजवायचो, दुहेरीत आपल्या माणसांसाठी घसा बसायचा. तुम्ही आमची स्पर्धा नेली, २०२४ च्या जानेवारीत तो आठवडा हाँगकाँगला गेला. फिट्टंफाट.

पाषाणटेकडी:
फिट्टंफाट कसलं, दोघंही रिकामे.

ॲम्स्टेलकाठची:
मी नेदरलँड्समधून. पुण्याच्या पहिल्या वर्षी, २०१८ ला, दुहेरी कोणी जिंकली हे कोणी लिहीतच नाहीये! आमच्या रॉबिन हासे आणि मातवे मिडलकूपनी. फायनल ७-६, ७-६. माहेरचं गाव आणि सासरचे खेळाडू, मी कोणाच्या बाजूनं ओरडायचं हा प्रश्न सुदैवानं आला नाही, कारण समोर एर्बेर आणि सिमॉन हे फ्रेंच होते. त्याच आठवड्यात सिमॉननं एकेरी जिंकली. एकाच स्पर्धेत दोन्ही फायनल खेळायच्या म्हणजे पायांचं काय होत असेल.

२०२३ ला एकेरी पुन्हा आमच्या ग्रीकस्पोरला, आणि दुहेरी शेजारच्या बेल्जियमच्या गिले-व्लिगनला. ते हरवले कोणाला? श्रीराम बालाजी आणि जीवनला. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या गावाची हवा आमच्या लोकांना मानवते."

शेवगा:
बालाजी-जीवन हरले त्याचं फार वाईट वाटलं होतं. ६-४, ६-४. दोन सेटमध्ये एकेक गेम इकडचा तिकडे झाला असता तर... आणि पुण्याची ती शेवटची फायनल, हे तेव्हा आपल्याला कुठे माहीत होतं.

कोपऱ्यातला_कप:
एक प्रामाणिक प्रश्न. सुपर टायब्रेक हे काय प्रकरण आहे? तिसरा सेट खेळायला काय होतं? हे म्हणजे एकदिवसीय सामना सुपर ओव्हरवर सोडवण्यासारखं.

हिशेबनीस:
हा भाग मला आवडतो. २००५ च्या सुमारास स्पर्धा भरवणाऱ्यांची कुरकुर होती की दुहेरीवर खर्च होतो आणि तिकीट मात्र एकेरीचं विकलं जातं. एटीपीनं, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या संघटनेनं, दुहेरी आखडायचं ठरवलं, पाच गेमचे सेटसुद्धा करून बघितले. दुहेरीच्या खेळाडूंनी, त्यात ब्रायन बंधूही आले, थेट अमेरिकेत कोर्टात दावा लावला. शेवटी तडजोड झाली आणि २००६ पासून आजचा साचा आला. सेट सहा गेमचेच, पण ४०-४० झालं की ॲडव्हान्टेज नाही, एकच निर्णायक गुण. तो कोणत्या बाजूनं खेळायचा हे रिटर्न घेणारी जोडी ठरवते. आणि एक-एक सेट झाला की तिसऱ्याऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, दोनच्या फरकानं.

हेतू दोन. मॅच साधारण दीड तासात आटपावी म्हणजे वेळापत्रक कोलमडत नाही, आणि दमछाक कमी असल्यामुळे एकेरीवाल्यांनीही उतरावं. वर ताईंनी लिहिलेलं सिमॉनचं उदाहरण त्यातलंच. ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीत मात्र तिसरा सेट अजूनही पूर्ण असतो.

जुना_लाकडी:
माझं मत वेगळं आहे. सुपर टायब्रेकनं दुहेरीतला अनुभव स्वस्त केला. दोन तास चांगलं खेळून एका नेटकॉर्डनं, नेटला लागून पलीकडे पडलेल्या एका चेंडूनं, घरी जायचं? २०२० ची फायनल घ्या. स्वीडनचा योरान्सन आणि इंडोनेशियाचा रुंगकट जिंकले, ६-२, ३-६, १०-८. समोर अर्लिच होता, बेचाळीस वर्षांचा, सोबत वासिलेव्स्की. हाच अर्लिच २०१२ ला चेन्नईची फायनल पेस-टिप्सारेविचकडून हरलेला. तिसरा सेट पूर्ण असता तर त्या म्हाताऱ्यानं काहीतरी शोधून काढलं असतं असं मला आजही वाटतं.

हिशेबनीस:
काका, तिसरा सेट पूर्ण असता तर बेचाळीसाव्या वर्षी तो फायनलला पोचलाच नसता. याच साच्यामुळे दुहेरीवाल्यांची कारकीर्द लांबली असंही म्हणता येतं.

जुना_लाकडी:
हं. यावर रात्री विचार करतो.

तिरपा_फोरहँड:
२०१९ च्या त्या १७-१५ ला मीही होतो, बहुतेक आजोबांच्या मागच्याच रांगेत. तुम्ही सगळे टाळ्यांबद्दल लिहिताय, आतला ताण कोणी लिहीत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या आधी भूपती आणि बोपण्णा दोघांनीही पेसबरोबर खेळायला नकार दिला होता. पेस मग विष्णुवर्धनला घेऊन गेला. २०१६ ला रिओत पेस-बोपण्णा एकत्र आले आणि पहिल्याच फेरीत बाहेर. अशा पार्श्वभूमीवर हे दोघं नेटच्या दोन बाजूंना, एक पंचेचाळीस, दुसरा अडतीस. मॅच संपल्यावर हस्तांदोलन कसं करतात इकडे माझं लक्ष होतं. केलं, व्यवस्थित केलं. एवढंच सांगतो, नाहीतर लोक त्यातून कादंबरी काढतील.

आणि तिथेच संपलं नव्हतं. उपांत्य फेरीतही बोपण्णा-दिविज सुपर टायब्रेकमध्ये अडकले. बोलेल्ली-डोडिग, १५-१३. फायनलला बॅमब्रिज-ओमारा, ६-३, ६-४, ती म्हणजे दोन फाशीच्या तख्तांवरून उतरल्यावरचा फेरफटका.

पाषाणटेकडी:
तोच बोलेल्ली पुढे २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला बोपण्णासमोर आला, वावासोरीबरोबर. तिथेही हरला. आणि बोपण्णाचा तिथला जोडीदार मॅथ्यू एब्डन २०२० ला पुण्यात पेसबरोबर खेळून गेला होता. जग छोटं आहे, दुहेरीचं तर चाळीएवढं.

तिरपा_फोरहँड:
पेसचं आणि बालेवाडीचं काही जमलंच नाही पण. फेब्रुवारी २०१७, न्यूझीलंडविरुद्ध डेव्हिस कप. तेव्हा तो आणि इटलीचा पिएत्रांजेली ४२ दुहेरी विजयांवर बरोबरीत. एक जिंकला की विश्वविक्रम. सगळं पुणं पेढे घेऊन तयार. पेस आणि विष्णुवर्धन हरले, सिताक आणि व्हीनसकडून. तो त्रेचाळीसावा विजय २०१८ च्या एप्रिलमध्ये चीनमध्ये तिआन्जिनला आला, आणि जोडीला कोण? बोपण्णा.

शेवगा:
हे वाचून अंगावर काटा आला. रुसलेली भावकी सत्यनारायणाला एकत्र जेवते तसं काहीतरी.

आत्याबाई:
मला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही, मुलानं हा धागा पाठवला. पण बोपण्णाच्या गुडघ्यांबद्दल बोलायचा मला हक्क आहे, कारण मी सतरा वर्षं अय्यंगार योग करतेय. त्यांनी स्वतःच सांगितलंय की गुडघ्यांतली कूर्चा संपली होती, खेळताना रोज वेदनाशामक गोळ्या लागायच्या. कोविडच्या काळात त्यांनी अय्यंगार पद्धतीचा योग सुरू केला आणि गोळ्या सुटल्या. म्हणजे बेंगळुरूत केला त्यांनी, पण ही पद्धत बी. के. एस. अय्यंगारांनी घडवली ती पुण्यात. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, घड्या घातलेली ब्लँकेटं. आमच्या वर्गात कोणी कुरकुर केली की मी आता सांगते, त्रेचाळीसाव्या वर्षी माणूस ऑस्ट्रेलियात जिंकला, तुम्हाला वीरभद्रासनात मिनिटभर उभं राहवत नाही?

पाषाणटेकडी:
आत्याबाई, धागा तुमच्याकडे सुपूर्द. २७ जानेवारी २०२४, ७-६, ७-५, पहिल्या सेटचा टायब्रेक ७-०. पुरुष दुहेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारा खुल्या युगातला सर्वांत वयस्क, आणि त्याच स्पर्धेतल्या कामगिरीवर पहिल्यांदा जागतिक क्रमवारीत पहिला.

कोपऱ्यातला_कप:
बरं बाबांनो, डाळीचं विधान मागे घेतो. निम्मं.

मुळाकाठ:
२०२२ बद्दल कोणीच लिहिलं नाही. बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन. जानेवारीत दोघांनी ॲडलेड जिंकली होती, मग पुणे. फायनलला ऑस्ट्रेलियाचे सॅव्हिल आणि स्मिथ, पहिला सेट टायब्रेकमध्ये १२-१० नं गेला, मग ६-३ आणि १०-६.

स्पर्धेचा शेवटचा दिवस ६ फेब्रुवारी. त्या सकाळी लताबाई गेल्या. घरात टीव्ही दिवसभर चालू होता, पण खेळाच्या चॅनेलवर नव्हता. संध्याकाळी केव्हातरी मोबाइलवर निकाल दिसला, बोपण्णा-रामकुमार जिंकल्याचा. आनंद झाला, आणि तो कोणाला सांगावा हे कळेना. खाली सोसायटीत कोणीतरी स्पीकरवर गाणी लावली होती. मी फोन उपडा ठेवला. त्या मॅचची क्षणचित्रं मी अजून पाहिलेली नाहीत.

पाषाणटेकडी:
...

जुना_लाकडी:
त्या दिवशी आम्ही क्लबात कोर्ट ओलं करून ठेवलं आणि कोणी खेळलंच नाही.

शेवगा:
थोडं पुढचं बोलू का? अर्जुन कढे आपला पुण्याचा. त्यानं ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर २०२४ ला अल्माटीत एटीपी दुहेरी जिंकली. पुण्यात मोठी स्पर्धा राहिली नाही आणि पुण्याचा मुलगा कझाकस्तानात जिंकतोय. आमच्या पेपरात ती बातमी चार ओळींची, कबड्डीच्या गुणतक्त्याखाली.

हिशेबनीस:
चार मिळाल्या हे नशीब. १६ जोड्यांचा ड्रॉ, चार मॅच जिंकल्या की विजेतेपद. मॅचमागे एक ओळ, हिशेब चोख.

कोपऱ्यातला_कप:
बालेवाडीत आता चॅलेंजर, म्हणजे एक पायरी खालची स्पर्धा, होते ना? पुढची कधी आहे? म्हणजे समजा कोणाला दुहेरी बघायला जायचं असेल, समजा, तर कुठे बसावं?

पाषाणटेकडी:
समजा जायचं असेल तर पश्चिमेच्या बाजूला, म्हणजे दुपारचं ऊन पाठीवर.

जुना_लाकडी:
साफ चूक. कडेला बसलात तर नुसती मान इकडून तिकडे. बेसलाइनच्या मागे, खाली, तिसरी-चौथी रांग. तिथून नेटवरच्याची पाठ आणि बोटं दिसतात. उन्हाला टोपी घाला.

तिरपा_फोरहँड:
काकांच्या शेजारची जागा माझी. कप, तुम्ही डबा आणा.

कोपऱ्यातला_कप:
काय आणू?

आत्याबाई:
डाळ सोडून काहीही.